विरुद्ध काही सापडलं नाही

"म्हणजे खरी नाही?" मावशींनी विचारलं. क्षणभर आधी मी त्यांना म्हणाले होते, "मावशी, या सहीच्या विरुद्ध मला काही सापडलं नाही." माझ्या लेखी ती चांगली बातमी होती. पण त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना. मैत्रिणीच्या या मावशी सदाशिव पेठेत राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, ऐकू थोडं कमी येतं, नजर मात्र लख्ख. टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पिस्ता रंगाचं पान होतं, जुन्या ऑटोग्राफ बुकातून कात्रीने कापून काढलेलं. त्यावर निळ्या-काळ्या शाईत, देवनागरीत, 'मो. क. गांधी'. खाली दुसऱ्या हाताने, पेन्सिलीत, 'पाचगणी, जुलै १९४४'. पेन्सिलीतलं अक्षर मावशींच्या वडिलांचं. ऐंशी वर्षं ते पान या घरात आहे. आधी देवघराजवळच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं, मग ट्रंकेत, मग लॉकरमध्ये. आता भाच्याला ते विकायचं होतं. त्याने एका व्यापाऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवला, तर उत्तर आलं: ही गांधीजींची नाही, महादेवभाईंच्या हातची आहे, सेक्रेटरी लोक अशा सह्या करून देतच असत. तेव्हापासून मावशींची झोप उडाली होती. जुने कागद वाचायची मला आवड आहे, थोडंफार मोडी येतं, भिंग आणि नोटा तपासायचा निळा दिवा जवळ असतो, म्हणून मैत्रीण मला घेऊन गेली.

व्यापाऱ्याचं म्हणणं खोडायला भिंगाचीही गरज नव्हती. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसच्या कैदेत वारले, अटक होऊन आठवडाही झाला नव्हता. कस्तुरबा तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. गांधीजी सुटले ६ मे १९४४ ला. मग जुहू, पुणे, आणि पावसाळ्यात पाचगणी. त्या जुलैत त्यांच्यासोबत प्यारेलाल हे दुसरे सेक्रेटरी होते, महादेवभाई असणं शक्यच नव्हतं. मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या टवटवीत झाल्या. पण सांगता सांगताच मला दुसरी गोष्ट दिसत होती. हा सगळा युक्तिवाद उभा होता 'जुलै १९४४' या दोन शब्दांवर, आणि ते शब्द सही करणाऱ्याने लिहिलेले नव्हते. वडिलांनी ते त्याच दिवशी लिहिले, की दहा वर्षांनी आठवून लिहिले, हे पेन्सिल सांगत नाही. एक पुरावा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा, दुसरा तिसऱ्याच्या, आणि सगळ्यात खाली कोणीतरी सांगितलेली एक गोष्ट. जुन्या सह्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच होतं.

मावशींच्या घरातली गोष्ट अशी. वडील तेव्हा वाईला शाळेत शिक्षक होते. गांधीजी पाचगणीला आलेत हे कळल्यावर ते पसरणीचा घाट चढून, धो धो पावसात, चालत वर गेले. प्रार्थनेला बसले. मग पाच रुपये दिले आणि सही घेतली. या पाच रुपयांबद्दल मला नेहमी वाटतं की गांधीजींच्या सहीची खरी गोष्ट तिथेच आहे. सही हवी असेल तर हरिजन फंडाला पाच रुपये द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. शाळामास्तराच्या पगारातून त्या काळी पाच रुपये सहज निघत नसत. गांधीजींनी आपल्या नावाला स्वतःच भाव लावला होता आणि तो सगळा दुसऱ्यांसाठी होता. १९३४ च्या जानेवारीत मलबारमध्ये वडकरा इथे कौमुदी नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने भर सभेत अंगावरचे दागिने उतरवून दिले. तिला त्यांनी सहीसोबत जे लिहून दिलं त्याचा आशय असा, की तू उतरवलेल्या दागिन्यांपेक्षा तुझा त्याग हाच तुझा खरा दागिना. त्यावर त्यांनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात लेखही लिहिला. अशा सहीला आज लिलावात जी किंमत येते, तिचा विचार करताना मला आनंद आणि अस्वस्थता एकाच वेळी वाटते. कोणीतरी ती जपतं आहे याचा आनंद. आणि जे देऊन मिळालं होतं ते आता घेण्यासाठी फिरतं आहे, ही अस्वस्थता.

गांधीजींच्या सहीची पारख अवघड असण्याला आणखी एक कारण आहे. ते दोन्ही हातांनी लिहीत. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' बोटीवर, बोटीच्याच कागदांवर, त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहून काढलं. उजवा हात थकला की डावा. २७५ हस्तलिखित पानांपैकी ४० डाव्या हाताची आहेत. पुढेही उजवा हात दुखायला लागला की पत्रं डाव्या हाताने लिहिली जात. म्हणजे 'मूळ नमुन्याशी जुळत नाही' म्हणून एखादी सही बाजूला सारण्याआधी विचारावं लागतं: कोणत्या हाताच्या नमुन्याशी? त्यात लिपी वेगवेगळ्या. गुजराती, देवनागरी, रोमन, आणि आणखीही काही लिपींत त्यांनी सह्या केल्या आहेत. शाईही असे, पेन्सिलही असे, आणि पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत वापरायची सवय. आपलं अक्षर वाईट आहे याची त्यांना आयुष्यभर खंत होती. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचं लक्षण मानलं पाहिजे, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. वळणदार अक्षर असलेल्या माणसाची नक्कल करायला कसब लागतं हे खरं, पण असं न सजवलेलं, घाईचं अक्षर उचलणं त्याहून कठीण असतं. नक्कल करणारा आकार उचलतो. वेग त्याला उचलता येत नाही.

खरी सही बेफिकीर असते.

ही एक गोष्ट कळायला मला बरीच वर्षं जुने कागद हाताळावे लागले. आपण सही करतो तेव्हा तिच्याकडे बघत नाही. पेन कागदाला टेकायच्या आधीच हात हलायला लागलेला असतो, म्हणून पहिल्या रेघेचं टोक निमुळतं असतं. शेवटी पेन उचललं जातं तेही चालत्या वेगात, म्हणून शेवटची रेघ विरत जाते. भिंगाखाली हे स्वच्छ दिसतं. नक्कल करणारा मात्र पेन टेकवतो, मग निघतो. त्यामुळे सुरुवात बोथट, शेवटही बोथट. वळणावर तो थबकतो, समोरचा नमुना बघतो, पुढे जातो, आणि थबकल्याच्या जागी शाईचा बारीक ठिपका साचतो. एखादी रेघ चुकली तर तो ती हळूच दुरुस्त करतो. स्वतःच्या सहीत रेघ चुकली म्हणून आपण कोणी दुरुस्ती करत बसत नाही. म्हाताऱ्या हाताचा कंप आणि नकलेचा कंपही वेगळा. वयाचा कंप सगळीकडे सारखा, एका लयीत असतो, आणि मध्येच एखादी रेघ जुन्या सवयीने झपकन सरळ जाते. नकलेचा कंप अवघड जागी येतो आणि सोप्या जागी नाहीसा होतो.

माणूस स्वतःचीच सही दोनदा अगदी तशीच करू शकत नाही. बँकेतल्या कारकुनाने सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेला प्रत्येकजण हे जाणतो. म्हणून दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या, तर त्यातली एक गिरवलेली आहे असं समजावं. हे पहिल्यांदा गणिताने मांडलं गेलं ते अमेरिकेत, हाउलँड मृत्युपत्राच्या खटल्यात, १८६८ च्या सुमारास. सिल्व्हिया हाउलँड या बाईंच्या मृत्युपत्राच्या पुरवणीवरची सही मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी अति जुळत होती. बेंजामिन पर्स हे हार्वर्डचे गणिती साक्षीला आले. बाईंच्या ४२ खऱ्या सह्या घेऊन, प्रत्येकीतल्या ३० खाली येणाऱ्या रेघा एकमेकींशी ताडून, त्यांनी दाखवलं की इतका मेळ योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य. खटल्याचा निकाल शेवटी वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. पण जास्त जुळणं हेच संशयाचं कारण, हा विचार मला फार खोल वाटतो. सहीखेरीज इतर गोष्टींनाही तो लागू पडतो. घरातल्या दहा जणांनी एखादी आठवण शब्दशः सारखी सांगितली, तर ती आठवण एकाची असते आणि बाकीच्यांनी ती ऐकलेली असते.

मावशींच्या पानाकडे वळते. खोलीतले पडदे ओढून निळा दिवा लावला. १९५० च्या आसपासपासून कागदाला शुभ्रपणा यावा म्हणून जी रसायनं घालू लागले, ती या दिव्याखाली निळसर पांढरी झगझगतात. पान झगझगलं नाही, मंद, मळकट राहिलं. १९८३ साली जर्मनीत 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून ज्या रोजनिशी छापायला घेतल्या, त्या खोट्या ठरल्या त्या अशाच रसायनामुळे. युद्धानंतरचा कागद होता तो. त्या प्रकरणातली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे. हस्ताक्षरतज्ज्ञांनी रोजनिशीतलं अक्षर अस्सल ठरवलं होतं, कारण ते त्यांना दिलेल्या नमुन्यांशी जुळत होतं. त्यांतले बरेच नमुनेही रोजनिशी बनवणाऱ्या कोनराड कुयाऊ याच माणसाने केलेले निघाले. तज्ज्ञ म्हणाले 'एकाच हाताचं आहे', आणि ते अक्षरशः खरं होतं. ज्याच्याशी ताडून बघायचं तेच खोटं असेल, तर डोळे कितीही तयार असून काय उपयोग? गांधीजींच्या बाबतीत निदान ही भीती कमी आहे. साबरमतीला, दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात, मुंबईच्या मणिभवनात अस्सल अक्षर बघायला मिळतं. आपल्या कितीतरी मोठ्या लेखकांचं, गायकांचं, नटांचं अक्षर अजून कोणी असं एका जागी जमवलेलं नाही.

कागद जुना आहे एवढ्याने मात्र काही सिद्ध होत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुन्या वह्या, हिशेबाची पुस्तकं, कोरी पानं असलेल्या डायऱ्या मिळतात. बनावट काम करणाऱ्याला कागद जुनाच घ्यायचा असतो, हे त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. पण जुना कागद त्याला फसवतोही. शाई पसरू नये म्हणून कागदावर असलेली खळ वर्षानुवर्षांत मरते, आणि अशा कागदावर आज शाईने लिहिलं तर ती केसासारख्या बारीक रेषांनी आजूबाजूला पसरते. मावशींच्या पानावर शाईच्या कडा स्वच्छ होत्या. पान मध्ये एकदा दुमडलेलं होतं आणि घडी 'गां'च्या कान्यावरून गेली होती. घडीच्या रेषेत शाई तडकली होती, तंतूंत मुरलेली नव्हती. म्हणजे आधी सही, मग घडी. फ्रेमच्या कडेखाली झाकली गेलेली किनार गडद पिस्ता, उरलेलं पान उजेडाने फिकट. म्हणजे ते खरंच वर्षानुवर्षं भिंतीवर होतं. पेन टाकाचं किंवा फाउंटनचं होतं, बॉलपेन नव्हतं, जे लोकांच्या हाती आलंच १९४५ नंतर. सुरुवातीच्या रेघा निमुळत्या. शेवटची वेलांटी विरत गेलेली. एका ठिकाणी शाई संपत आल्याने रेघ दुभंगलेली, आणि लिहिणाऱ्याने ती तशीच सोडून दिलेली. त्या दुभंगलेल्या रेघेवर मी बराच वेळ भिंग धरून होते. माझ्या मनाने तिथेच कौल दिला होता. पण मनाने दिलेला कौल आणि तोंडाने द्यायचा कौल वेगळे ठेवायचे असतात.

माझ्या आईचं एक ऑटोग्राफ बुक होतं. तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं, गुलाबी, आकाशी, पिस्ता, फिकट पिवळ्या अशा पानांचं, पुठ्ठ्याला सोनेरी अक्षरं. नाटक संपलं की रंगमंदिराच्या मागच्या दाराशी मुली उभ्या राहायच्या. रंग पुसून, थकलेल्या चेहऱ्याने नट बाहेर यायचे, आणि "दोन ओळी लिहा ना" म्हटलं की मोटारीच्या टपावर वही ठेवून लिहायचे. त्या सह्या वाकड्या आहेत. पावसाचे थेंब पडलेत. एका पानावर मेकअपच्या क्रीमचा तेलकट अंगठा उमटलाय. लहानपणी दुपारी वामकुक्षी चाललेली असताना मी ते चाळायचे आणि क्रीमच्या त्या डागाचा वास घ्यायचे, जरी तो वास कधीच उडून गेला होता. आईला टपालाने आलेला एक सिनेनटाचा फोटोही त्यात खोचलेला होता, सहीसकट. त्याची सही सुंदर, स्वच्छ, फोटोच्या कोपऱ्यात बरोब्बर बसलेली. मोठी झाल्यावर भिंग लावलं तेव्हा तिच्यात छपाईचे ठिपके दिसले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. हजारो पत्रं यायची त्याला, तो कुठे बसेल सह्या करत." तिला कधीच फसल्यासारखं वाटलं नव्हतं, कारण तिने तो फोटो सही म्हणून जपलाच नव्हता, उत्तर आलं म्हणून जपला होता.

प्रसिद्ध माणसांना सगळ्या सह्या स्वतः करणं शक्य नसतं, आणि ही काही आजची गोष्ट नाही. बीटल्स या इंग्लिश बँडच्या धामधुमीत त्यांचे सहायक नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स चौघांच्याही सह्या करून द्यायचे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कचेरीत सेक्रेटरी सह्या करत, आणि 'ऑटोपेन' नावाचं यंत्रही होतं, जे खरं पेन धरून खऱ्या शाईत, पण दर वेळी हुबेहूब तीच सही काढतं. आपल्याकडे लहान मुलांच्या बॅटींवर फलंदाजांच्या छापील सह्या असायच्या, आणि आज माळ्यावरून अशी बॅट खाली आली की नातवंडांना वाटतं आजोबांनी स्टेडियमवर जाऊन सही आणली. सेक्रेटरीच्या सहीला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती त्याच कचेरीतून, त्याच माणसाच्या संमतीने, त्याच काळात आलेली असते. चाहत्याच्या पत्राला कोणीतरी मान दिलेला असतो. पण ती 'त्यांच्या हातची' म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्याकडून मी कागदाचा तुकडाही घेणार नाही.

मोडी शिकताना या सगळ्याकडे बघायची माझी नजर बदलली. शिवकालीन पत्रांवर आपल्या अर्थाने सही नसते. माथ्यावर मुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, मधला मजकूर कारकुनाच्या हातचा. तरीही पत्र महाराजांचंच. मग अशा पत्राचा खरेपणा कशावर ठरवायचा? जुने संशोधक सगळं पत्र वाचायचे. मायना त्या माणसाच्या दर्जाला साजेसा आहे का, सन आणि तिथीचा मेळ बसतो का, ज्या गावात पत्र लिहिल्याचं म्हटलंय तिथे त्या दिवशी मुक्काम होता का, शब्द त्या काळचे आहेत का. इनामं टिकवायला बनावट सनदा करणारेही होते, आणि ते बहुधा शिक्क्यात पकडले जात नसत. ते पकडले जात मायन्यात, तारखेत, एखाद्या हुद्द्यात. १९१० साली पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभारलं, त्या मंडळात कागद मांडून त्याच्यावर वाद घालायची रीत होती. एकाने आणायचा, बाकीच्यांनी तो उलटापालटा करून झोडपायचा, आणि जे उरेल ते इतिहास म्हणून घ्यायचं. मला ही रीत फार निरोगी वाटते. झोडपणाऱ्यांना त्या कागदाबद्दल कमी प्रेम नव्हतं. उलट प्रेम होतं म्हणूनच तो कोणाच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते.

१८७२ च्या आपल्या पुरावा कायद्यातही एक सुंदर कलम होतं, ४७ वं. हस्ताक्षराबद्दल तज्ज्ञाचं मत घ्यायचं कलम ४५ वेगळं. ४७ व्यात ज्याला ते अक्षर ओळखीचं आहे त्याचं मत ग्राह्य धरलं होतं: ज्याने त्या माणसाला लिहिताना पाहिलंय, ज्याच्या पत्राला त्याची उत्तरं आली आहेत, किंवा ज्याच्या हातून रोजच्या कामात ते कागद जात आले आहेत. भिंग नाही, दिवा नाही, नुसता सहवास. आईचं अक्षर आपण किराण्याच्या यादीवरून ओळखतो, तसं. गांधीजींच्या टपालावर रोज हात फिरवणारी माणसं होती, जी लांबून पाकीट बघून सांगू शकली असती. ती आता राहिली नाहीत. ज्यांना बघताक्षणी कळलं असतं ते गेले, म्हणून आपल्याला शाईच्या कडा मोजाव्या लागतात. नवीन कायदा १ जुलै २०२४ ला आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच आहे. पण जिवंत ओळख देणारा साक्षीदार कायद्याने परत आणता येत नाही.

त्या जागी बाजार काय ठेवतो, तर प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी होलोग्राम, खाली 'अस्सल असल्याची हमी'. भाच्याला तेच हवं होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम राबवून खेळाडूंच्या बनावट सह्यांची टोळी पकडली. त्या मालात बेसबॉलवर मदर तेरेसांच्या सह्याही होत्या, आणि मालासोबतची हमीपत्रंही तितकीच बनावट होती. कोणाला प्रश्न पडला नसेल का, की मदर तेरेसा बेसबॉलवर कशाला सही करतील? पडला असेल. पण हातात हमीपत्र आलं की माणूस स्वतःचा प्रश्न गिळून टाकतो. खोटी सही एकदा फसवते. खोट्या खात्रीमुळे माणूस पुढे तपासायचंच सोडतो, म्हणून तिचा मला जास्त राग येतो. जो माणूस मोबाइलवरचा एक फोटो बघून 'महादेवभाईंची' म्हणाला, तोच उद्या दुसऱ्या फोटोवर तितक्याच ठामपणे 'शंभर टक्के अस्सल' म्हणेल. मावशींची झोप उडवली ती त्याच्या शंकेने नाही, त्या ठामपणाने.

म्हणून त्या दिवशी "म्हणजे खरी नाही?" या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते जरा लांबलचक होतं. म्हटलं, कागद त्या काळचा आहे, सही घडीच्या आधीची आहे, हात वेगाने आणि न थबकता चालला आहे, तारीख आणि मुक्काम जुळतात, महादेवभाईंचा मुद्दा तर तारखेनेच बाद होतो. एवढ्या पाच दारांतून आत शिरून बघितलं, चोर सापडला नाही. पण मी त्या दिवशी पाचगणीला नव्हते. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा होते ना पण तिथे." दादा म्हणजे त्यांचे वडील. आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. दादांच्या शब्दावर शंका घेतेय असं त्यांना वाटत होतं, आणि तसं मला मुळीच म्हणायचं नव्हतं. दादा घाट चढून गेले, भिजले, पाच रुपये दिले, हे मी मानते. पण गर्दीत वही आत पाठवली आणि सही होऊन बाहेर आली, असंही झालेलं असू शकतं. दादांनाही ते कळलं नसतं. त्यांचा खरेपणा आणि सहीचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. नव्वदीच्या मुलीला हे सांगताना माझा आवाज कितीही हळू केला तरी शब्द टोचत होतेच.

"दादा हिशेब लिहायचे," त्या एकदम म्हणाल्या. "रोज. अगदी पोस्टकार्डाचासुद्धा." माझे कान टवकारले. १९४४ च्या जुलैच्या जमाखर्चात 'हरिजन फंड रु. ५' अशी एक ओळ सापडली असती, तर पेन्सिलीतल्या तारखेला त्याच दिवसाचा आधार मिळाला असता. सही त्याने सिद्ध झाली नसती, पण सगळी रचना ज्या पायावर उभी होती तो पाया पक्का झाला असता. कपाटं उघडली. १९५१ पासूनच्या वह्या होत्या, लाल कापडी पाठीच्या, वाळवीने कडा खाल्लेल्या. त्याआधीच्या वाडा पाडताना रद्दीत गेल्या होत्या. गांधीजींची सही लॉकरमध्ये ठेवली होती, आणि तिची साक्ष देऊ शकणारी वही किलोवर गेली होती. पुण्यात वाडे पडले तेव्हा अशी किती साक्ष गेली असेल, या विचाराने मला अजूनही पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. भाच्याला मी आणखी एक सांगितलं, की ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक मोलाचा कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो आणि असा कागद खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या लिलावाचा विचार त्याने सोडावा. तो नाराज झाला. मावशी झाल्या नाहीत.

आता कोणी जुनी सही दाखवायला आणली की मी आधी सहीकडे बघतच नाही. ती घरात कशी आली, कोणी आणली, सोबत काय होतं, पाकीट आहे का, तिकीट आहे का, त्या दिवसाची डायरी आहे का, हे विचारते आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घेते. लॅमिनेशन करू नका म्हणते, कारण ते परत काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागदात उतरून पिवळा पडतो. भिंतीवर टांगायचीच असेल तर प्रत टांगा, मूळ अंधारात ठेवा. वहीतून पान कापू नका. मागची-पुढची पानं, त्यांवरच्या सह्या, त्यांच्या तारखा हीच त्या पानाची सर्वांत मोठी साक्ष असते, आणि मावशींच्या पानाच्या शेजारची पानं आता कुठेच नाहीत.

आणि गिरवू नका. हे मी हात जोडून सांगते. सातारा भागातल्या एका घरात मी एका थोर गायकाची सही बघितली. उन्हाने फिकी पडत चालली होती, आजोबांना दिसेना, म्हणून नातवाने प्रेमाने, जीभ दातांत धरून, ती बॉलपेनने गिरवून दिली. आता भिंगाखाली तिच्यात नकलेच्या सगळ्या खुणा आहेत: बोथट सुरुवात, वळणावर थबकणं, सोप्या जागी गुळगुळीत आणि अवघड जागी कंप, आणि त्या काळाला न शोभणारी शाई. खालची मूळ शाई तिरप्या उजेडात दोनच जागी डोकावते. त्या घरातल्यांना मी सांगितलं, पान आहे तसं ठेवा, मूळ सही दिसते त्या दोन जागांचे जवळून फोटो काढून ठेवा, आणि नातवाने कोणत्या साली, कोणत्या पेनने, कुठून कुठपर्यंत गिरवलं हे त्याच्याच अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून घ्या. खाली त्याची सही आणि तारीखही असू द्या.